ब्रायन मे यांचा टोन आणि आपली पावली

इलेक्ट्रिक गिटार शिकू लागलेल्या मुलाच्या घरी वर्ष-दोन वर्षांत एक गोष्ट हटकून घडते: ज्या वाद्यासाठी वडिलांनी कुरकुरत का होईना पण एकरकमी पैसे मोजले, ते वाद्य भिंतीला टेकून राहते आणि त्याच्या पायाशी धातूच्या रंगीत डब्या एकीमागून एक येऊन बसू लागतात. या डब्यांना पेडल म्हणतात. प्रत्येकीच्या खरेदीची सबब एकच असते, की अमक्या वादकाचा टोन हिच्यावाचून निघत नाही. आणि ती घरी येऊन चार दिवस लोटले, की टोन अद्याप निघत नसल्याचे निदर्शनास येऊन पुढच्या डबीची तजवीज सुरू होते. या खर्चाला माझी हरकत नाही; ज्याला परवडतो त्याने तो खुशाल करावा. हरकत आहे ती शोधाच्या दिशेला. आवडत्या वादकाचा आवाज आपल्या हातून निघावा अशी इच्छा असेल, तर त्याच्या सामानाची यादी पाठ करण्याआधी ते सामान त्याने कोणत्या अडचणीपोटी आणि कोणत्या हेतूने जमवले, याची कैफियत वाचली पाहिजे.

यावर जाणकार म्हणवणारे एक ठरीव उत्तर देतात, की टोन बोटांत असतो, सामानात नसतो. हे वाक्य भारदस्त आहे आणि सोयीचेही आहे, कारण ते उच्चारले की पुढे काही समजावून सांगण्याची जबाबदारी उरत नाही. वास्तविक बोटे कानांच्या हुकमतीत असतात आणि कान जे यंत्रातून बाहेर पडते ते ऐकत असतात. ज्या ॲम्पमधून स्वर निघाला की आठ-दहा सेकंद तेवत राहतो, त्याच्यापुढे बसणारा हात आपोआप थांबायला, स्वराला आंदोलन द्यायला आणि मोजकेच वाजवायला शिकतो, आणि जिथे स्वर उमटताच विझतो तिथे तोच हात धावपळ करू लागतो. तेव्हा सामानवाले आणि बोटेवाले या दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

ब्रायन मे यांचा दाखला घेऊ. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचे हे गिटारवादक. (याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे आपण अभिमानाने सांगतो, क्वचित गरजेपेक्षा जास्तच.) १९६३ साली, सोळाव्या वर्षी, कारखान्यात तयार झालेली चांगली गिटार घेण्याची ऐपत नसल्यामुळे मे यांनी आपल्या वडिलांच्या मदतीने ती घरीच बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर होते. गिटारीची मान शंभराहून अधिक वर्षे जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरली गेली, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा एका जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या होत्या, ट्रेमोलोच्या दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई लागली आणि पट्ट्यांवरच्या खुणांसाठी आईच्याच शिंपल्याच्या गुंड्या कामी आल्या. या भंगारकथेचे कौतुक पुष्कळ होते. पण तिच्यातली महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ॲम्पपुढे उभे राहिले असता वाद्याने स्वतःहून गुंजावे, अर्थात फीडबॅक द्यावा, या हेतूने त्यांनी तिच्या देहात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या होत्या. कोणता आवाज हवा हे आधी ठरले आणि लाकूड मागाहून कापले गेले.

आता त्या आवाजाचा मार्ग पाहू. गिटारीवर तीन पिकअप आहेत, आणि प्रत्येकाला एक बटण चालू-बंद करण्याचे व दुसरे त्याची फेज उलटवण्याचे. बहुतेक गिटारींत पिकअप समांतर जोडलेले असतात; मे यांनी ते एकापुढे एक, एकसर जोडले, त्यामुळे दोन पिकअप एकत्र चालू केले की आवाज पातळ होण्याऐवजी भरतो. ब्रिजजवळचा आणि मधला ही त्यांची नित्याची जोडी. त्यापुढे ट्रेबल बूस्टर येतो. ऐन उमेदीत मे यांनी आयरिश गिटारवादक रोरी गॅलघर यांना गाठून त्यांच्या आवाजाचे रहस्य विचारले, आणि गॅलघर यांनी आडपडदा न ठेवता व्हॉक्स कंपनीचा एसी-३० ॲम्प आणि डॅलस कंपनीचा रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर अशी दोन नावे सांगून टाकली, हे मे यांनीच वेळोवेळी सांगितले आहे. रेंजमास्टर म्हणजे जर्मेनियमचा एक ट्रान्झिस्टर, एक बॅटरी आणि बोटांवर मोजण्याइतके सुटे भाग. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून हिंडणारा कोणीही हौशी माणूस ती डबी घरी जोडू शकेल. चांगला ट्रान्झिस्टर मिळवणे तेवढे जिकिरीचे.

तिचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. व्हॉल्व्हचा ॲम्प पूर्ण चढवला असता खालच्या स्वरांचा चिखल होतो. बूस्टर वरच्या कंपनांना अधिक बळ देऊन हा चिखल ॲम्पमध्ये शिरण्यापूर्वीच निवारतो, आणि त्याच वेळी व्हॉल्व्हना इतके पुढे ढकलतो की ते स्वतःच फाटू लागतात. ती फाट मुख्यतः ॲम्पची असते, डबीची नव्हे. मे यांचा एसी-३० त्याच्या ‘नॉर्मल’ चॅनेलवर पूर्ण चढवलेला असतो आणि बूस्टर कायम चालू असतो. मग हळुवार जागा ते कशा वाजवतात? गिटारीवरच्या व्हॉल्यूमच्या गुंडीने. गुंडी पूर्ण उघडली की आवाज गर्जतो, थोडी मिटली की तो कुरकुरीत होतो, आणखी मिटली की जवळजवळ स्वच्छ होतो. डिस्टॉर्शनचे पेडल वेगळे लागत नाही. आमचे बहुतेक तरुण वादक ही गुंडी एकदा पूर्ण उघडतात ती वाद्य विकेपर्यंत मिटत नाहीत, आणि जे काम करंगळीच्या एका वळशाने व्हावे ते तीन पेडलांकडून करवून घेतात.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीस वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण चढवून वाजवण्याजोगी जागा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये नाही, आणि तसा प्रयत्न करणाऱ्यास सोसायटीच्या सेक्रेटरीची नोटीस त्याच सायंकाळी मिळेल. अशा वेळी ॲम्पची नक्कल करणारे डिजिटल यंत्र हेडफोन लावून वापरण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र त्यातही आधी ॲम्प पूर्ण चढवावा, पुढे बूस्टर ठेवावा आणि मग गुंडीकडे वळावे. शिवाय ध्वनिमुद्रिकेतला मे यांचा आवाज पुष्कळदा एका गिटारीचा नसतोच. एकावर एक मुद्रित केलेल्या अनेक गिटारींचा तो मेळ असतो. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात ऐकू येणारा जॅझचा ताफा हा सगळा त्यांच्या गिटारीतून निघाला आहे, आणि त्यासाठी वापरलेला लहानसा ॲम्प बँडचे बेसवादक जॉन डीकन यांनी कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून बनवला होता. असा मेळ एका पेडलातून निघावा ही अपेक्षाच गैरवाजवी आहे.

नकलेविषयी आपल्याकडे उगीच संकोच बाळगला जातो. घराण्याच्या तालमीत शिष्य वर्षानुवर्षे गुरूचा गळा उचलतो, आणि आपण त्याला दोष देत नाही. कारण तो नुसता आवाज उचलत नसून स्वर कसा लावायचा आणि केव्हा सोडायचा याचा विचार उचलत असतो. गिटारीची नक्कल त्याच इतमामाने व्हावी.

ती सुरू करायची तर सर्वांत स्वस्त जागेपासून करावी, आणि ती जागा म्हणजे तारेला प्रथम स्पर्श करणारी वस्तू. मे प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाहीत. ते सहा पेन्सांचे जुने इंग्रजी नाणे वापरतात, आणि ते नाणे चलनातून गेल्यानंतर १९९३ साली ब्रिटनच्या टांकसाळीने खास त्यांच्या दौऱ्यासाठी तशी नाणी पाडून दिली. प्लास्टिकची पिक तारेवर वाकते. नाणे वाकत नाही, त्यामुळे जी काही लवचिकता हवी ती अंगठा आणि तर्जनी यांनाच पुरवावी लागते, आणि पकड जराही आवळली तर आवाज लगेच चुगली करतो. नाण्याच्या कडेला बारीक चरे असतात. नाणे किंचित तिरपे धरले, की ते चरे तारेला खरवडतात आणि प्रत्येक स्वराच्या आरंभी एक किरकिर, एखादे व्यंजन उच्चारल्यासारखी, उमटते. मे यांचे स्वर बोलल्यासारखे वाटतात त्याचे मोठे श्रेय या किरकिरीला आहे, आणि ती बाजारातल्या कुठल्याही पेडलात मिळत नाही.

सहा पेन्सांचे नाणे मागवण्याच्या भानगडीत पडू नका. त्याचा व्यास सुमारे १९.४ मिलिमीटर, आपल्या तांबे-निकेलच्या जुन्या पावलीचा १९. आजीच्या डब्यात किंवा देवघराच्या खणात एखादी असेलच. कडेवर नख फिरवून चरे आहेत याची खात्री करा आणि पुढचे पेडल मागवण्याआधी महिनाभर तिनेच वाजवून पाहा. ३० जून २०११ पासून पावली चलनातून बाद झालेली असल्यामुळे तिच्यावर दुसरा कोणी हक्क सांगायला येणार नाही.