थंडीचे भाकीत कोणासाठी?



दसरा सरला की वर्तमानपत्रांत थंडीचा बाजार भरतो. 'ला निना आला, यंदा हाडे गोठणार!' हिमालयात बर्फ पडला की मथळे आणखी मोठे. शहरातला वाचक स्वेटर काढतो, विषय संपतो. आमच्या द्राक्षबागांचे काय?

हवामान खाते डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देते, तो तीन महिन्यांच्या सरासरीचा. शास्त्र म्हणून त्यात खोट नाही. पण बाग सरासरीने जळत नाही, एका रात्रीत जळते. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडचा पारा २ अंशांच्या खाली उतरला. उत्तरेची लाट आली, आभाळ निरभ्र राहिले आणि रात्री वारा पडला, की उबदार ठरलेल्या हिवाळ्यातही दव गोठते, मणी तडकतात. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे पाणी सोडायचे. त्यासाठी दोन दिवस आधी गावाचा आकडा हवा. आणि हो, रात्री मोटारीला वीजही हवी!

विम्याची तऱ्हा तर और. थंडी मोजायची ती बागेत नव्हे, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. थंड हवा जड. ती कादवाकाठच्या खोलगट रानात साचते. केंद्र उंचावर असेल तर तिथला पारा वरच राहतो. बागेत हिम, कागदावर ऊब! हप्ता मात्र आधीच कापलेला.

तेव्हा यंदा थंडी किती, हे आम्ही विचारणार नाही. मेळाव्यात कृषी अधिकाऱ्यांना विचारायचे ते एवढेच: आमच्या मंडळाचे केंद्र नेमके कुठे उभे आहे, आणि त्याचा रात्रीचा आकडा आम्हाला केव्हा मिळणार?