सुकाणूवरचा हात आणि परवान्याचा कागद

२४ मे २०२२ रोजी मालवणजवळच्या तारकर्लीच्या समुद्रात, स्कूबा डायव्हिंग आटोपून किनाऱ्याकडे परतणारी पर्यटकांची होडी उलटली. होडीत वीस पर्यटक होते. त्यांपैकी दोघांना प्राण गमवावे लागले. पावसाळ्यासाठी जलपर्यटन बंद होण्याचे दिवस तोंडावर आले होते, समुद्राने कूस बदलायला सुरुवात केली होती आणि हंगामाची अखेरची गर्दी किनाऱ्यावर लोटली होती. दुर्घटनेनंतर जे नेहमी होते तेच झाले. चौकशीचे आदेश निघाले, कागदपत्रांची तपासणी सुरू झाली आणि 'होडी चालविणाऱ्या प्रत्येकाला परवाना सक्तीचा करा' ही मागणी पुन्हा ऐकू आली. मागणी रास्त आहे. परंतु परवान्याने समुद्रावरची सुरक्षितता खरोखर वाढते काय, या प्रश्नाचा शांतपणे विचार मात्र क्वचितच होतो.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. कुरटे बेटावरचा किल्ला पाहण्यासाठी होडीने ये-जा करणारा प्रवासी हा पूर्वीपासूनचाच. त्याच्या जोडीला गेल्या दोन दशकांत स्कूबा, स्नॉर्कलिंग, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड असे प्रकार दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यांवर आले. मासळीचा दुष्काळ आणि पर्ससीन जाळ्यांची स्पर्धा यांनी पिचलेल्या पारंपरिक मच्छीमाराला या व्यवसायाने हात दिला. मुंबईची वाट धरणारी मुले गावात राहिली. म्हणूनच सुरक्षिततेचा प्रश्न हा केवळ पर्यटकाच्या जिवाचा नाही. तो येथल्या शेकडो घरांच्या चुलीचाही आहे. एक होडी बुडाली की त्या हंगामात साऱ्या किनाऱ्याचा धंदा बुडतो.

सक्तीच्या परवान्याविरुद्ध किनाऱ्यावरून जो आक्षेप घेतला जातो, तो झटकून टाकण्याजोगा नाही. ज्यांच्या पूर्वजांनी शिवछत्रपतींच्या आरमाराची सुकाणू सांभाळली, त्या गाबीत, कोळी, भंडारी समाजातील मुलांना समुद्र कोणी शिकवायचा? वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ, पाण्याखालचे खडक ज्याला पाठ आहेत, त्याने कार्यालयात बसून लेखी परीक्षा द्यायची? हा प्रश्न स्वाभिमानाचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण ते अर्धेच तथ्य आहे. मासेमारीची होडी आणि पर्यटकांची होडी यांत मोठे अंतर आहे. होडीतली मासळी छायाचित्र काढण्यासाठी एका बाजूला धाव घेत नाही. घाटावरून आलेल्या, पोहणे न येणाऱ्या, लाटेचा पहिला तडाखा बसताच उठून उभे राहणाऱ्या वीस माणसांना काबूत ठेवणे, बुडणाऱ्याला वर काढणे, कृत्रिम श्वास देणे ही वेगळी विद्या आहे. ती वारशाने मिळत नाही, शिकावी लागते. शिवाय आज पर्यटकांच्या होडीवर असणारा प्रत्येक जण दर्यावर्दी घराण्यातलाच असतो, असेही नाही. भांडवल एकाचे, होडी दुसऱ्याची आणि सुकाणूवर हंगामापुरता ठेवलेला तिसराच मुलगा, अशी साखळी या धंद्यात शिरली की जबाबदारी नेमकी कोणाची, हे दुर्घटनेनंतरच शोधावे लागते.

परदेशातील अनुभव येथे उपयोगी पडेल. हौसेने नौका चालविणाऱ्यांसाठी कॅनडाने १९९९ पासून टप्प्याटप्प्याने चालक-पत्र आणले आणि २००९ पर्यंत ते सर्वांना लागू केले. अमेरिकेत अलाबामा राज्याने १९९४ मध्ये असाच कायदा केला. उलट ब्रिटनमध्ये समुद्रावर हौशी नाविकाला परवाना लागत नाही. तेथे स्वेच्छेने प्रशिक्षण घेण्याची परंपरा आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२३ च्या अहवालानुसार, चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती उपलब्ध असलेल्या प्रकरणांत तीन चतुर्थांश मृत्यू अप्रशिक्षित चालकांच्या नौकांवर झाले. एवढ्यावरून परवान्याचा विजय जाहीर करता येणार नाही, कारण अप्रशिक्षित चालकांची संख्याच मुळात मोठी असू शकते. त्याच अहवालातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. जीवरक्षक जाकीट होते की नव्हते हे ज्यांच्याबाबत कळू शकले, त्या बुडून मेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर जाकीट नव्हते. म्हणजे चालकाच्या खिशातल्या परवान्याइतकेच प्रवाशाच्या अंगावरचे जाकीटही मोलाचे आहे.

आपल्या देशातील दुर्घटना तर याहून कठोर धडा देतात. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील थेक्कडी येथे 'जलकन्यका' ही नौका उलटून ४५ जण मृत्युमुखी पडले. ती नौका कुणा चोरट्या व्यावसायिकाची नव्हती, राज्य सरकारच्याच पर्यटन महामंडळाची होती. मे २०२३ मध्ये केरळातीलच तानूर येथे २२ जण दगावले; मासेमारीच्या होडीत फेरफार करून ती पर्यटनाला जुंपलेली होती आणि तीत क्षमतेहून अधिक माणसे भरलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतील १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल'वर चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. दोष त्या प्रवासी बोटीचा नव्हता, हे खरे. पण तिच्यातही परवानगीपेक्षा अधिक प्रवासी होते आणि त्यानंतर गेटवेवर जाकिटांची सक्ती आठवली. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या प्रशासनासाठीच जन्माला आली असावी.

या घटनांचा मथितार्थ स्पष्ट आहे. कोठे परवाना होता, कोठे नव्हता. परंतु होडी धक्क्यावरून सुटण्यापूर्वी 'थांब, ही फेरी होणार नाही' असे म्हणणारा अधिकारी बहुतेक ठिकाणी नव्हता. रस्त्यावरच्या वाहनांचे परवाने कसे मिळतात, हे या देशात कोणाला सांगावे लागू नये. तोच कारभार समुद्रावर नेला, तर सुरक्षितता वाढणार नाही. दलालांची संख्या तेवढी वाढेल.

म्हणून परवाना हवाच, पण तो कागदाचा नव्हे, कौशल्याचा हवा. होडीची नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा यांची अपेक्षा कायद्यात आहेच. तेवढीच काटेकोर कसोटी सुकाणू धरणाऱ्या माणसाची लागली पाहिजे आणि ती पाण्यात लागली पाहिजे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथील वाळूचे दांडे आणि ओहोटीची ओढ दरवर्षी बदलते. त्या मुखातून भरलेली होडी सुखरूप आणून दाखवणारा तांडेल परीक्षेत उत्तीर्ण व्हावा, मग त्याला इंग्रजी अर्ज भरता येवो वा न येवो. परीक्षा मराठीत आणि तोंडी असावी, शुल्क गरिबाला परवडणारे असावे, आणि परीक्षकांत किनाऱ्यावरचे जाणते तांडेल असावेत. गोव्यात १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. खुद्द तारकर्लीत पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. साधने दाराशी असताना प्रशिक्षणासाठी तरुणांनी खेटे का घालावेत? जेट स्कीसारखे यंत्र पाच मिनिटांच्या तोंडी सूचनेवर अननुभवी पर्यटकाच्या हाती देण्याची हौस तर तत्काळ थांबली पाहिजे.

याला जोड हवी ती रोजच्या तपासणीची. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाला पुरेशी माणसे आणि गस्तीची होडी मिळाली नाही, तर नियमांचे पुस्तक धक्क्यावरच्या कपाटातच राहील. प्रवाशांची नोंद, डोकी मोजूनच होडी सोडणे, वारा वाढताच लाल बावटा लावणे, या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही, इच्छाशक्ती लागते. स्थानिक व्यावसायिकांच्या संघटनांनी स्वतःहून ही शिस्त अंगीकारली, तर सरकारी बडग्याची गरजही कमी होईल.

शेवटी एक वाटा समाजाचाही आहे. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठ जण बुडाले. तेथे होडीचा संबंध नव्हता; समुद्राविषयीचे अज्ञान मात्र होते. सहली काढणारी कुटुंबे, शाळा आणि मंडळे निवासाची, मासळीच्या थाळीची चौकशी बारकाईने करतात. होडी कोणाची, चालवणार कोण, जाकिटे किती, हे तीन प्रश्न विचारायला मात्र संकोचतात. दोनशे रुपये कमी घेणाऱ्या होडीत दाटीवाटीने बसणारा ग्राहक हा त्या बेकायदा फेरीचा भागीदारच असतो. समुद्रात किल्ला बांधणाऱ्या राजाचे नाव घेत मालवणच्या धक्क्यावर उतरणाऱ्यांनी, त्याच्या आरमाराला ज्या शिस्तीने बळ दिले, तिचा थोडा अंश स्वतः पाळावा. जाकिटाचे पट्टे बांधून होईपर्यंत होडी सोडू न देण्याचा आग्रह प्रवाशांनी धरला, तर तो धक्क्यावर लगेच मानला जाईल.