मीटरचा आकडा आपल्या वहीत



भाड्याच्या घरातल्या विजेचं भांडण घेऊन सहसा कुणी बाई संघटनेकडे येत नाही. ते जिन्यातच मिटतं, निदान मिटल्यासारखं दिसतं. घरमालक दाराशी येऊन ‘या महिन्याचे इतके झाले’ असं सांगतो आणि बाई डब्यातून पैसे काढून देते. किती युनिट जळली, दर काय लावला, हे विचारलं तर ‘परवडत नसेल तर दुसरी खोली बघा’ हे उत्तर तयार असतं. परित्यक्ता, विधवा, नोकरीसाठी गावाहून आलेल्या मुली यांना खोली मिळणं किती अवघड असतं ते आपण जाणतो. म्हणून त्या विचारत नाहीत. ही भीती एकदम जाणार नाही. पण तिच्याशी झगडायला हातात काहीतरी असावं लागतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे स्वतःच्या अक्षरात लिहिलेला मीटरचा आकडा, असं आम्हाला वाटतं.

हिशेब अवघड नाही. हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट होतं. मीटरवर एकामागून एक आकडे सरकत असतील तर ज्याच्याजवळ ‘केडब्ल्यूएच’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात तो आकडा आपला. समजा, एक तारखेला तो ४३१२ होता आणि पुढच्या एक तारखेला ४३९१ झाला, तर महिन्याला ७९ युनिट जळली. बिलावरही ‘चालू रीडिंग’ आणि ‘मागील रीडिंग’ छापलेलं असतं. दोन्ही ताडून बघता येतात.

खरी मेख पुढे आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून बराच जास्त. आता एका मीटरवर तीन बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकी ९० युनिट जळतात असं धरू. स्वतंत्र मीटर असते तर तिघींनाही पहिल्याच टप्प्याचा दर लागला असता. एकत्र मीटरवर २७० युनिट होतात आणि त्यातली १७० वरच्या टप्प्यात जातात. म्हणजे काटकसर करणारीलाही चढा दर पडतो. त्यावर मालकाने आपला वेगळाच दर ठरवला, किंवा पाण्याचा पंप आणि जिन्यातला दिवा तुमच्याच मीटरला जोडला, तर ते कळायलाही मार्ग नाही. आपल्या खोलीचा मेन स्विच बंद करून मीटरकडे पाहावं. त्यावरचा छोटा दिवा लुकलुकतच राहिला आणि आकडा पुढे सरकला, तर वीज दुसरं कुणीतरी जाळतं आहे.

कायदा इथे भाडेकरूच्या बाजूने काही बोलतो, ते माहीत असावं. वीज कायदा, २००३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तर तिथे राहणारी व्यक्तीही वीजजोडणी मागू शकते. घरमालकाने ना-हरकत पत्र दिलं नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कंपनीलाही किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी किंवा वीज मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. तोडली तर न्यायालयात दाद मागता येते. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकाचीच आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारीची कायदेशीर स्थिती मात्र भाडेकरूपेक्षा वेगळी असते. आपला कागद कोणता आहे, ते आधी वकील मैत्रिणीकडून समजून घ्यावं.

पण या सगळ्या वाटांवर पहिला प्रश्न एकच येतो: पुरावा काय? करार नवऱ्याच्या नावावर, बिल मालकाच्या नावावर, आणि चोवीस तास त्या घरात राबणारीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने भाड्याच्या घरातही बाईचा राहण्याचा हक्क मानला आहे. मात्र ‘ही इथे राहतच नव्हती’ असं सासरची माणसं बिनदिक्कत सांगतात. अशा वेळी दोन-तीन वर्षांची, दर महिन्याची तारखेवार वही एकटी पुरी पडेल असं नाही. पण बिलांच्या प्रती, पावत्या आणि शेजारणीची साक्ष यांच्या जोडीला ती वजन धरते.

म्हणून हे करावं. खोलीत शिरतानाच मीटरचा क्रमांक, आकडा आणि तारीख लिहून मालकाची सही घ्यावी. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला आकडा लिहावा. पैसे दिले की किती, कुणाला, कोणत्या तारखेला, हे त्याखालीच नोंदवावं आणि पावती मागावी. पावती देत नसतील तर तेही लिहावं. खोली सोडताना शेवटचा आकडा दोघांनी मिळून पाहावा. फोनवर फोटो जरूर काढा, पण पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या ताब्यात असतो. वही आपली असते. ती शेजारणीकडे ठेवता येते.

घरातल्या हिशेबाला राजकारण म्हणायला लोक कचरतात. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या बरोबरीने महागाईविरुद्ध लाटणी घेऊन उतरलेल्या बायकांना तेल, साखर, रॉकेलचे भाव तोंडपाठ होते. त्या हिशेबातूनच त्यांचा मोर्चा उभा राहिला. एकटीने मालकाला जाब विचारणं धोक्याचं असतं. पण एका वाड्यातल्या पाचजणींच्या वह्या एकत्र ठेवल्या आणि त्यांची बेरीज मालकाच्या बिलापेक्षा जास्त निघाली, तर तो प्रश्न एकटीचा राहत नाही.

गटांनी येत्या तीन महिन्यांत निदान एका वस्तीत, एका चाळीत हे करून पाहावं. एका बैठकीत सगळ्याजणींना मीटर वाचायला शिकवावं. जिला लिहिता येत नाही तिला आकडे तरी गिरवायला शिकवावं. काय निघालं, मालक काय म्हणाले, कुठे अडलं, ते आम्हाला जरूर कळवा.

— संपादक मंडळ