पांढरीत जेसीबी घालण्याआधी

सिंदखेडराजाच्या समस्त गावकऱ्यांनो,

शेताला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलींची राख, फुटकी खापरं यांनी ती माती पांढुरकी झालेली असते. घर पाडून बांधायला काढलं की हीच माती ट्रॉलीत भरून कुठंतरी भरावाला जाते. तिच्यासोबत काय गेलं, हे बघायला कुणी उभं नसतं.

जून 2024 आठवा. लखुजीराजे जाधवांच्या समाधीची दुरुस्ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं काढली होती. काही दगड वेगळे दिसले म्हणून माणसं थांबली. खणत गेली तर देवळाचं जोतं लागलं, आणि साधारण सव्वादोन मीटरवर शेषशायी विष्णू. लांबी 1.70 मीटर, पायाशी लक्ष्मी, त्याच शिळेवर समुद्रमंथन. हा क्लोराइट शिस्टचा दगड छिन्नीला मऊ, म्हणूनच इतकं नाजूक काम झालं. जेसीबीच्या बकेटच्या एका दातासमोर तो टिकला नसता.

सव्वादोन मीटर म्हणजे जवळपास साडेसात फूट. संडासाच्या टाकीचा खड्डा आपण तेवढाच घेतो.

समाधी संरक्षित होती म्हणून मूर्ती वाचली. कायदा संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकाम अडवतो, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. त्यापलीकडे रान मोकळं. जुनी वस्ती काय टेप लावून बसली होती? जमिनीत गाडलेली मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असं 1878चा कायदा सांगतो. किमतीची मर्यादा दहा रुपये! पण हे सगळं सापडल्यानंतरचं. खणण्याआधी बघा, असं आपल्या गावठाणात कुणालाच सांगितलं जात नाही. इंग्लंडमध्ये 1990 पासून परवानगी देण्याआधीच जमीन तपासण्याचं धोरण आलं. आधी बघितल्यानं काय फरक पडतो, यासाठी आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातलं भोण घ्या. तिथला स्तूप जिगाव धरणाच्या बुडितात जातो म्हणून आरडाओरडा तरी करता येतो, कारण डेक्कन कॉलेजनं तिथं आधी उत्खनन केलं होतं. जे कुणी पाहिलंच नाही, त्यासाठी ओरडणार कोण?

आता खरी भीती बोलू. माझंही घर पाडायला आलंय. मूर्ती निघाली की जागा अडकली, हप्ते सुरू आणि काम बंद, हे मलाही दिसतं. म्हणून तर लोक रात्रीतून खड्डा बुजवतात. त्यांना चोर म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. चूक व्यवस्थेची आहे, तीच बदलायला हवी. नगरपरिषदेनं गावठाणातली बांधकाम परवानगी देण्याआधी पुरातत्त्वाच्या जाणकाराकडून मीटरभर रुंदीचा चाचणी चर हातानं खणून घ्यावा. थरांची नोंद, फोटो, आणि काही नसेल तर पंधरा दिवसांत मोकळीक. खर्च विकास शुल्कातून. तो घरमालकाच्या गळ्यात नको. काही निघालंच तर भरपाई किंवा पर्यायी जागा, आणि तीही लेखी.

ही मागणी नगरपरिषदेच्या येत्या सभेत प्रत्येक वॉर्डातून अर्जानं गेली पाहिजे. तोवर एवढं करा: पायाच्या खड्ड्यात कोरीव दगड किंवा रचलेल्या विटा दिसल्या की बकेट थांबवा. दगड धुवू नका, हलवू नका, शेंदूर तर लावूच नका. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा आणि तहसील कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या.

— गावठाणातला एक घरमालक