घरावरील सौर वीज : अनुदानाआधी नेट मीटरचा हिशेब समजून घ्या

‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त गावात पहिली चौकशी होते ती अनुदानाची. ती रक्कम ठरलेली आहे. पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट 30 हजार, तिसऱ्यासाठी 18 हजार, म्हणजे 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त 78 हजार रुपये. पण पुढे वर्षानुवर्षे फायदा किती होणार, हे नेट मीटरच्या हिशेबावर ठरते. आणि वाद याच हिशेबाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. 3 किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी 12 युनिट, महिन्याला सुमारे 360 युनिट वीज देतो. घराचा वापर 240 युनिट. त्यातले 90 दिवसा, 150 संध्याकाळी व रात्री. दिवसा उरलेले 270 युनिट महावितरणच्या लाइनवर जातात, त्यातून रात्रीचे 150 वजा होतात. बिलात मुख्यतः स्थिर आकार राहतो आणि 120 युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. पावसाळ्यात निर्मिती घटते, तेव्हा ही शिल्लक कामी येते. मात्र 31 मार्चला उरलेले युनिट वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेतले जातात. हा दर घरगुती वरच्या टप्प्यांपेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे ‘मोठा संच लावा, वीज विकून कमवा’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नका.

2025 च्या सुरुवातीला महावितरणने दरप्रस्तावात वेळेनुसार दराची पद्धत घरगुती ग्राहकांपर्यंत आणण्याची मागणी केली. दिवसाचे युनिट दिवसाच्याच वापरातून वजा झाले, तर आपल्या उदाहरणातील रात्रीच्या 150 युनिटचे पूर्ण बिल भरावे लागेल. सौर ग्राहकांनी यावर हरकती घेतल्या, त्या रास्तच होत्या. एक नियम पाहून केलेली गुंतवणूक दुसऱ्या नियमाने तोट्यात जाऊ नये. महावितरणची अडचणही खोटी नाही. कृषी वाहिन्यांच्या सौर प्रकल्पांमुळे दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी महाग, अशी स्थिती होत चालली आहे. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 दरम्यानच्या वापरावर प्रतियुनिट 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर झाली, तीही याच कारणाने.

म्हणून जो वापर दिवसा नेता येतो, तो आतापासून न्यावा. घरच्या टाकीत पाणी चढवणे, कडबाकुट्टी, घरगुती गिरणीवरचे दळण दुपारी उरकता येते. दूध काढणी मात्र पहाटे आणि संध्याकाळीच होणार. त्यामुळे यंत्राने दूध काढणाऱ्या पशुपालकांनी रात्रीचा वापर वेगळा मोजूनच संच ठरवावा.

गावाकडे आणखी एक गोष्ट अनेकांना संच बसल्यावर कळते. बॅटरी नसलेला, लाइनला जोडलेला संच लाइट गेली की बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. गावठाण फीडर दुपारी वारंवार जात असेल, तर वरचे 360 युनिट मिळणार नाहीत.

घरावरचे युनिट कृषिपंपाच्या बिलातून वळते होत नाहीत. नेट मीटर ज्या जोडणीवर बसतो, हिशेब तिचाच. तसेही 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज योजना लागू आहे.

जुन्या घरांचा मंजूर भार अनेकदा अर्धा-एक किलोवॉटच असतो. त्यासाठी अर्ज अडवला जात असेल, तर केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी 2024 ची दुरुस्ती दाखवा. 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, गरजेनुसार भारवाढ वितरण कंपनीनेच करायची आहे आणि 5 किलोवॉटपर्यंत यंत्रणा बळकट करण्याचा खर्चही तिचाच आहे. अर्ज भरण्यापूर्वी मागील 12 महिन्यांची बिले काढून ठेवा. संच किती किलोवॉटचा हवा, ते त्यावरून ठरवता येते.