पाच मिलिमीटरचे अंतर

बोर्डात खोचला जाणारा मोबाईलचा अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्टची घरगुती वीज आत घेतो आणि माणसाच्या हातात द्यायला निर्धोक असा ५ व्होल्टचा एकदिश प्रवाह बाहेर काढतो. परंतु हे करताना या दोन बाजू एकमेकींपासून पूर्णपणे अलग ठेवणे, ही त्याची खरी जबाबदारी असते. मोबाईल चार्ज झाला म्हणजे अ‍ॅडॉप्टर चांगला, असे ग्राहक धरून चालतो. पण चार्जिंग होणे आणि हा अलगपणा टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि स्वस्त मालात काटकसर होते ती नेमकी दुसऱ्या गोष्टीत.

अ‍ॅडॉप्टर उघडून पाहिल्यास हे स्पष्ट दिसते. आत आलेली वीज प्रथम एकदिश होते, तेव्हा मुख्य कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकावर, सुमारे ३२५ व्होल्टचा दाब जमतो. एक ट्रान्झिस्टर तो दाब सेकंदाला हजारो वेळा तोडतो व जोडतो, आणि बोटाच्या पेराएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून ऊर्जा पलीकडे पोहोचते. सर्किटच्या पट्टीवर या दोन बाजूंमध्ये सुमारे ५ मिलिमीटरची मोकळी वाट असावी लागते, कारण धूळ आणि दमट हवा साचली की वीज पृष्ठभागावरून सरपटत पलीकडे जाऊ शकते. निकृष्ट मालात ही वाट कित्येकदा मिलिमीटरभरही नसते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमधली पिवळी इन्सुलेशन टेप गायब असते, आणि फ्यूजच्या जागी साधा तारेचा तुकडा डाखलेला असतो. दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी लागतोच, पण तो ‘वाय’ वर्गाचा, म्हणजे बिघडला तरी सहसा शॉर्ट न होणारा, असावा लागतो. असा २,२०० पिकोफॅरडचा कपॅसिटर फार तर ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह जाऊ देतो, ज्याने हाताला झिणझिण्या आल्या तरी अपाय होत नाही. मात्र त्या जागी बसवलेला साधा कपॅसिटर शॉर्ट झाला, तर घरातला पूर्ण दाब मोबाईलच्या धातूच्या कडेपर्यंत येतो.

२०१६ मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज या अमेरिकी चाचणी संस्थेने अ‍ॅपलच्या नावाने विकले जाणारे ४०० बनावट अ‍ॅडॉप्टर तपासले, तेव्हा केवळ ३ नग इन्सुलेशनच्या चाचणीला उतरले, आणि १२ नग तर थेट प्राणघातक ठरू शकतील अशा रचनेचे निघाले.

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्दसारख्या गावात या उणिवा अधिक घातक ठरतात. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटला की एका फेजवरच्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. अशा वेळी आतला कपॅसिटर फुटला, तर आग रोखण्याचे काम फ्यूजनेच करायचे असते. त्यातच जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्यामुळे रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी विजेरी, जिला गावात सर्रास बॅटरी म्हणतात, तिच्याशिवाय बांधावर पाऊल टाकत नाही. अंगचीच पिन असलेल्या कित्येक स्वस्त बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर मुळीच नसतो. एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टची वीज थेट आत घेतलेली असते, त्यामुळे चार्जिंग चालू असताना फुटक्या झाकणातून ओला हात आत गेला की तो जिवंत तारेलाच लागतो. ती चार्जिंगला असताना हाताळणे, मग उजेड कितीही तातडीने हवा असो, कटाक्षाने टाळले पाहिजे.

कायदा नाही असे नाही. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशाच्या यादीत नोव्हेंबर २०१४ मध्ये अ‍ॅडॉप्टरचा समावेश झाला. त्यानुसार मालावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. तथापि चिन्ह छापणे सोपे असते आणि दुसऱ्याचा क्रमांक उचलणे त्याहून सोपे, म्हणून अ‍ॅपवरचे नाव डबीवरच्या नावाशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय ती पडताळणी पुरी होत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत तफावत पडताच वीज तोडणारा स्विच, बसवणे हा दुसरा आधार होय. साधा एमसीबी तारा वाचवतो, अंगातून जमिनीत जाणारा थोडा प्रवाह त्याला कळतही नाही.

तरीही आतले अंतर ग्राहकाला बाहेरून दिसणार नाही, आणि त्याने ते ओळखावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे, तेथे अणुविद्युत व दूरसंचार ही शाखाही आहे. दोन बाजूंमध्ये सुमारे ३,००० व्होल्टचा दाब देऊन इन्सुलेशन टिकते का, हे पाहणारी चाचणी जाणकार शिक्षकांच्या देखरेखीखाली काही मिनिटांत होते. महाविद्यालयाने अवसरी आणि मंचरच्या दुकानांतले नमुने दरवर्षी तपासावेत, विद्यार्थ्यांनी त्यांतले सदोष नग उघडून ग्रामसभेपुढे ठेवावेत, आणि निष्कर्ष मानक ब्युरोकडे लेखी पाठवावेत.