क्रियापदे आईची, नामे बापाची

बँकेत असताना आम्ही दिवसभर 'चेक क्लिअरिंगला टाकला', 'लोन सँक्शन झालं' असेच बोलत असू. नामे साहेबाची, क्रियापद तेवढे आपले. त्या सरमिसळीला कोणी भाषा म्हटले नाही, आणि ते बरोबरच होते. कॅनडाच्या मॅनिटोबा-सास्काचेवानमध्ये आणि सीमेपलीकडच्या नॉर्थ डाकोटात मात्र अशा सरमिसळीतून एक स्वतंत्र भाषा जन्मली. तिचे नाव मिचिफ.

कातड्यांच्या व्यापारासाठी आलेले फ्रेंच पुरुष आणि तिथल्या क्री व इतर आदिवासी स्त्रिया यांची संतती म्हणजे मेटी समाज. मिचिफमध्ये नामे बहुतेक फ्रेंच, क्रियापदे क्री. नामाला फ्रेंचचे पुल्लिंग-स्त्रीलिंग आहेच. शिवाय क्रीचा सजीव-निर्जीव भेदही क्रियापदात सांभाळावा लागतो. दोन्ही व्याकरणे अंगी मुरलेल्या माणसांनीच हे घडवले असणार. तरीही पाद्री आणि शिक्षक तिला 'बिघडलेली फ्रेंच' म्हणत राहिले, आणि आईबापांनी मुलांशी ती बोलणे सोडले.

पण भाषा केवळ हिणवल्याने मरत नाही. तिच्या पायाखालची जमीन जावी लागते. 1870 च्या मॅनिटोबा कायद्याने मेटी मुलांसाठी 14 लाख एकर राखून ठेवले होते. वाटप वर्षानुवर्षे रेंगाळले. पुढे 'स्क्रिप' नावाची प्रमाणपत्रे निघाली. जमिनीची किंवा पैशाची हमी देणारे हे कागद दलालांनी कवडीमोलाने गोळा केले. तोतये उभे करून जमिनीही लाटल्या. ज्याने आयुष्यभर सह्या पडताळल्या, त्याला हा प्रकार वाचून शरम वाटते. 1885 च्या उठावानंतर नेते लुई रियेल फासावर गेले आणि समाज विखुरला. शेजारीपाजारी आपले माणूस उरले नाही, तर बोलायचे कुणाशी?

सरकारने ते जमिनीचे वचन प्रतिष्ठेला साजेसे पाळले नाही, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला 2013 साली. 2019 मध्ये आदिवासी भाषांसाठी कायदा झाला. 2021 च्या जनगणनेत मात्र मिचिफ बोलणारे दोन हजारही भरले नाहीत, आणि अस्खलित बोलणारे बहुतेक वृद्ध आहेत.

अनुदानातून शब्दकोश होतात, ध्वनिमुद्रणे होतात. ती हवीतच. पण ती मुदत ठेव झाली. भाषा हे चालू खाते आहे. आजीने नातवाला जेवायला हाक मारली आणि नातवाने त्याच भाषेत 'आलो' म्हटले, तरच ते चालू राहते. कायद्याच्या यशाचा हिशेब त्या एका उत्तरावर व्हायला हवा.